कार्डवर डेंग्यू पॉझिटिव्ह, सरकारी यादीत मात्र नाव नाही... हे मोजतात तरी कसं?

आप्पा_खालची_आळी:

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात पोराला (वय ११) ताप भरला, १०३ पर्यंत गेला, डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणून रडायचा. तिसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. लॅबवाल्याने ते प्रेग्नन्सी टेस्टसारखं कार्ड असतं ना, त्यावर रक्त टाकलं आणि दहा-पंधरा मिनिटांत दोन रेघा दाखवल्या, एनएस१ (डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन) पॉझिटिव्ह. प्लेटलेट ८८ हजार. तीन दिवस अॅडमिट केलं, आता बरा आहे, खायला मागतोय, म्हणजे बराच आहे.

प्रश्न तो नाहीये. ह्याच पंधरवड्यात आमच्या एका आळीत चार जणांना डेंग्यू निघाला, चौघांचेही रिपोर्ट मी स्वतः बघितलेत, आणि परवा पेपरात बातमी की शहरात डेंग्यूचे दोनच रुग्ण, बाकी संशयित. मी तडक पालिकेच्या आरोग्य विभागात गेलो, तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "कार्ड टेस्ट आम्ही धरत नाही." धरत नाही म्हणजे काय हो? हॉस्पिटलने बिलात धरली, मेडिक्लेमवाल्याने धरली, फक्त सरकारच धरत नाही? आकडे सरळ दाबतात का? आणि हे म्हणे सगळं पुण्याला आणि तिथून दिल्लीला जातं, मग ते पाठवतं कोण, कशावरून, आणि पाठवून उपयोग काय? खात्यातलं कोणी असेल तर सांगा. रागाने विचारत नाहीये. (थोडं रागानेच विचारतोय.)

तिरकस_तात्या:

दाबतात. उत्तर संपलं. पुढचा धागा काढा.

प्लेटवाली:

तात्या, थांबा जरा. मी सरकारी रुग्णालयाच्या लॅबमध्ये आहे, डेंग्यूची एलायझा (लॅबमध्ये मशीनवर होणारी पक्की रक्ततपासणी) आमच्याकडेच लागते, त्यामुळे ह्या शिव्या मी दर पावसाळ्यात खाते.

आप्पा, कार्ड टेस्ट खोटी आहे असं कोणी म्हणत नाही. पण बाजारात कार्डं दहा कंपन्यांची, काही बरी, काही अगदीच टाकाऊ, काही उगाच पॉझिटिव्ह दाखवतात तर काही खऱ्या डेंग्यूला निगेटिव्ह. म्हणून राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येच लिहिलंय की लक्षणं आहेत आणि कार्ड पॉझिटिव्ह आहे तर केस 'संभाव्य' धरायची, आणि एलायझा पॉझिटिव्ह आली की 'निश्चित'. पेपरवाले ह्या संभाव्यलाच संशयित लिहून टाकतात. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ची एलायझा, पाच दिवसांनंतर आयजीएमची, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या अँटीबॉडीची. आयजीएमचे किट पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) बनतात आणि ठरवून दिलेल्या रुग्णालयांना तिथूनच येतात. म्हणजे गडचिरोलीत लावा नाहीतर केरळात, किट तेच. आकड्यांची तुलना करता येते ती त्यामुळे.

आता उशीर का होतो ते पण सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. एलायझाची प्लेट असते, त्यात ९६ खळगे. दर वेळी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल लावावेच लागतात, ते लावले नाहीत तर रिझल्टला अर्थ नाही. दोनच सॅम्पल आली म्हणून प्लेट लावली तर किट वाया जातं आणि ऑक्टोबरात ऐन गर्दीत हात वर करायची वेळ येते, म्हणून सॅम्पल साठू देतो. मग एक दिवस सकाळी लावायची, सीरम टाका, ३७ डिग्रीला ठेवा, धुवा, पुढचं टाका, परत ठेवा, परत धुवा, असं करत दुपार होते. शेवटी निळा रंग येतो, स्टॉप सोल्युशन टाकलं की पिवळा होतो, गडद पिवळा दिसला की मशीनमध्ये घालायच्या आधीच कळतं हा पॉझिटिव्ह आहे म्हणून. त्यात जेवायला उठता येत नाही हे कोणी लिहीत नाही कुठे.

तुमच्या मुलाचं सॅम्पल एलायझाला गेलंच नसणार, खाजगीत बरेचदा पाठवत नाहीत. आज कितवा दिवस आहे तापाचा? पाचच्या पुढे असेल तर आयजीएम सापडेल, अजून वेळ गेलेली नाही.

खडू_आणि_टॉर्च:

मी ३४ वर्षं आरोग्य सेवक होतो, पूर्वी एमपीडब्ल्यू म्हणायचे, गावात सगळे 'मलेरियावाले' म्हणायचे आणि अजूनही म्हणतात. आप्पासाहेब, पाठवतं कोण ह्याचं उत्तर माझ्यासारखी माणसं. खालून वर सांगतो.

उपकेंद्रावर आमच्याकडे एस फॉर्म असायचा. त्यात रोगाचं नाव लिहायचंच नाही, आम्ही काही डॉक्टर नाही, फक्त लक्षणं लिहायची. सात दिवसांच्या आतला ताप, त्यात नुसता ताप किती, पुरळ असलेला किती, रक्तस्राव असलेला किती, गुंगी असलेला किती. मग खोकला, तीन आठवड्यांच्या आतला आणि वरचा. जुलाब, त्यात शोष किती, रक्त पडतंय का. कावीळ. पंधरा वर्षांखालच्या पोराला अचानक आलेला लुळेपणा. आणि सगळ्यात शेवटची ओळ म्हणजे काहीतरी वेगळंच दिसतंय ज्याने माणूस दगावला किंवा भरती झाला. ती ओळ माझी बहुतेक आठवडे रिकामी असायची, म्हणजे रिकामी नाही, शून्य. हे नवीन पोरांना सांगून थकलो. रिकामी जागा म्हणजे बघितलं नाही, शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पी फॉर्म, त्यात रोगांची नावं, टायफॉइड, डेंग्यू, गोवर, लेप्टो, अगदी कुत्रं चावणं आणि साप चावणं पण. लॅबचा एल फॉर्म. सोमवार ते रविवार असा आठवडा, तो संपला की पीएचसी, तालुका, जिल्ह्याचा आयडीएसपी (रोगांच्या एकात्मिक देखरेखीचा सरकारी कार्यक्रम) कक्ष, पुणे, दिल्लीची एनसीडीसी (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र). आता कागद गेले, आयएचआयपी म्हणून पोर्टल आहे, एप्रिल २०२१ पासून देशभर, त्यात रोजच्या रोज आणि गावाच्या नावानिशी भरतात. सिस्टरांच्या हातात टॅब आलेत. रेंज मात्र टाकीवर चढलं तरच येते, तो वेगळा विषय.

उपयोग काय म्हणता, तर एक सांगतो. एका गावात कावीळच्या रकान्यात महिनोन्महिने शून्य, आणि एका आठवड्यात एकदम तीन, तिघेही नाल्याच्या पलीकडच्या वस्तीतले. तीन म्हणजे तुमच्या पेपरात बातमी पण येणार नाही. पण माझ्या वहीत तो आकडा डोळ्यात खुपला. ओटीची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या औषधाची, बाटली घेऊन गेलो. नळाचं पाणी नळीत घ्यायचं, दोन थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळं होतं. टाकीजवळच्या नळाला छान पिवळं. मधल्या आळीत फिकट. वस्तीतल्या शेवटच्या नळाला पाणी होतं तसंच, पांढरं स्वच्छ. आता पांढरं स्वच्छ पाणी बघून कोणाला भीती वाटेल? मला वाटली. पाइपाच्या कडेकडेने चालत गेलो तर गटार ओलांडते तिथे जॉइंटला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, कोणीतरी तात्पुरती म्हणून, आणि ती ट्यूब तिथे दोन वर्षं होती असं नंतर कळलं. टँकर लावला, पाइप बदलून घेतला, तरी पुढच्या महिनाभर काविळीचे पेशंट निघतच राहिले, कारण ज्यांच्या पोटात आधीच गेलं होतं त्यांना यायचं ते आलंच. पण पाइप बदलायला शंभर पेशंट होईपर्यंत थांबावं लागलं नाही.

आप्पासाहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ह्यातच आहे. निश्चित केसचा आकडा हे मापटं आहे. मापटं लहान आहे, त्यात सगळं धान्य मावत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण दरवर्षी तेच मापटं वापरलं तर यंदा जास्त की कमी ते कळतं. उद्या कार्ड टेस्टही धरायला लागले तर आकडा चौपट होईल आणि डेंग्यू वाढला की कार्डं जास्त विकली गेली ते सांगता येणार नाही. पण, आणि हा पण मोठा आहे, आळीत धूर फवारणी आणि कंटेनर सर्वे (साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधणं) करायला निश्चित केसची वाट बघायचीच नसते. कार्ड पॉझिटिव्ह कळलं की त्याच दिवशी माणूस दारात यायला हवा. तुमच्याकडे कोणी आलं का? नसेल आलं तर राग त्याचा धरा, यादीचा नको.

तिरकस_तात्या:

वा काका, गोष्ट छान. पण खरं सांगा, ३४ वर्षांत एकदाही वरून 'आकडा कमी करा' असा फोन आला नाही?

खडू_आणि_टॉर्च:

आला. खोटं कशाला बोलू. डेंग्यूला नाही, कॉलऱ्याला. कॉलरा शब्द लिहिताना सगळ्यांचं पेन अडखळतं, गॅस्ट्रो लिहा म्हणतात. गॅस्ट्रो म्हटलं की पाहुण्याकडे काही खाल्लं असेल, कॉलरा म्हटलं की पाणीपुरवठा कोणाचा, हा प्रश्न येतो. मी लक्षणंच लिहायचो त्यामुळे माझं बरं होतं. जुलाब ४०. चाळीसचे चार करायला सांगितलं नाही कोणी, नाव बदलायला सांगितलं. कोणी आणि कुठे ते विचारू नका.

बारा_बाय_दहाचा_दवाखाना:

खाजगी डॉक्टरची बाजू कोणी मांडेना म्हणून मीच येतो. दिवसाला साठ पेशंट, एक कंपाउंडर, पोर्टलचा पासवर्ड कंपाउंडरच्या वहीत. मी डेंग्यू कळवतो, खोटं नाही, पण रोज नाही. आठवड्याची थप्पी साठते आणि रविवारी बायको नाटकाला गेली की बसतो भरत. माझ्यासारखे किती जण अजिबात भरत नाहीत ते मला माहीत आहे, नावं सांगणार नाही. आणि लोक आधी आमच्याकडेच येतात ना! सरकारी ओपीडीत जाणारा पेशंट सिस्टीमला दिसतो, माझ्याकडचा मी भरला तर दिसतो, मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेतलेला कोणालाच दिसत नाही. खडूकाकांच्या मापट्याला हे भोक आहे, आणि भोक दरवर्षी तेवढंच राहतं असंही नाही.

टीबीचं बघा. २०१२ साली टीबी कळवणं बंधनकारक केलं, सुरुवातीला आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. मग निक्षय पोर्टल आलं, कळवल्याचे पाचशे रुपये, उपचार पूर्ण झाल्याचं कळवलं की आणखी पाचशे, आणि २०१८ मध्ये न कळवल्यास कायद्याने शिक्षेची तरतूद. पैसे आणि धाक दोन्ही असले की माणूस शिकतो. पण खरं कारण तिसरंच आहे असं माझं मत. टीबीचा पेशंट कळवला की तिकडून माणूस फोन करतो, घरी जातो, घरातल्या लहान मुलांना तपासतो, मला दिसतं की माझ्या कागदाचं काहीतरी झालं. डेंग्यूच्या बाबतीत इतक्या वर्षांत एकदाही कोणी उलट फोन करून सांगितलं नाही की डॉक्टर, तुमच्या भागात यंदा वाढतंय, लक्ष ठेवा. कळवतो ते विहिरीत दगड टाकल्यासारखं, पाण्याचा आवाज सुद्धा येत नाही.

आणखी एक. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचे (हातपाय लुळे पडणारा मज्जातंतूंचा आजार) पेशंट निघाले ते आठवत असेल, काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि सगळ्यांची नजर पाण्याकडे वळली. गंमत अशी की पंधरा वर्षांखालच्या मुलाला जीबीएस झाला तर तो पोलिओच्या देखरेखीत आपोआप सापडतो, कारण पाय लुळे पडलेलं कुठलंही पोर कळवायचंच असतं. चाळिशीच्या माणसाचे पाय गेले तर तसा नियमच नव्हता. मोठ्या रुग्णालयांत अशा पेशंटची गर्दी झाली तेव्हा ते डोळ्यांवर आलं.

बीडचा_बाबू:

हे सगळं सुरू का झालं ते आमच्या जिल्ह्याला विचारा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडेही हादरे बसले, लोक धसक्याने घरं सोडून बाहेर राहायला लागले, आत कणग्या धान्याने भरलेल्या तशाच, उंदरांची चंगळ झाली. पुढच्या ऑगस्टमध्ये, १९९४ ला, मामला गावात आधी उंदीर मरून पडायला लागले, पिसवांनी लोक हैराण, आणि मग माणसांच्या काखेत-जांघेत गाठी. गाठीचा प्लेग. मी तेव्हा सातवीत होतो. आजी म्हणायची उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं असतं, हे तिला तिच्या सासूने सांगितलेलं. म्हणजे देखरेखीचं ज्ञान म्हातारीकडे शिल्लक होतं, सरकारकडे पातळ झालं होतं, कारण त्याआधी माणसातला प्लेग देशात १९६६ नंतर दिसलाच नव्हता.

पुढच्या महिन्यात सुरत. तिथे फुफ्फुसाचा प्लेग, अफवा, स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही, लाखो माणसं शहर सोडून गेली, त्यात आपले खानदेशातले कामगार किती तरी. टेट्रासायक्लिन मेडिकलमधून गायब. परदेशांनी भारताची विमानं बंद केली. मग वैद्यकशास्त्रज्ञ डॉ. रामलिंगस्वामींच्या अध्यक्षतेखाली समिती, १९९७-९८ मध्ये थोड्या जिल्ह्यांत संसर्गजन्य रोगांच्या देखरेखीचा राष्ट्रीय कार्यक्रम, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने तो आयडीएसपी. खडूकाकांचा एस फॉर्म असा आलाय, आमच्या उंदरांवरून.

प्लेटवाली:

बाबू, भारी. एक भर घालते. दिल्लीच्या एनसीडीसीत २००८ पासून एक कक्ष फक्त पेपर आणि टीव्हीच्या बातम्या चाळतो. कुठल्या तरी गावात जेवणावळीनंतर दीडशे जणांना जुलाब अशी बातमी दिसली की ती त्या जिल्ह्याला पाठवून खरी का ते विचारतात. म्हणजे कधी कधी जिल्ह्याला आपल्याच तालुक्यातली साथ दिल्लीकडून कळते. हसू नका, होतं असं.

खडू_आणि_टॉर्च:

होतं. आणि डॉक्टरसाहेब पोलिओचं बोलले म्हणून सांगतो, कारण आख्ख्या नोकरीत मला पटलेली देखरेख ती एकच. पोर लुळं पडलं की १४ दिवसांच्या आत त्याच्या शौचाचे दोन नमुने, मध्ये २४ तासांचं अंतर, बर्फाच्या डब्यात घालून मुंबईच्या लॅबला. मी एसटीच्या मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन गेलोय, कंडक्टरने विचारलं मासे आहेत का, म्हटलं हो. आणि त्यात एक उलटा नियम होता जो मला फार आवडायचा. पोलिओ नसलेली पण लुळी पडलेली पोरं, पंधरा वर्षांखालच्या एक लाख पोरांमागे दोन तरी वर्षाला सापडलीच पाहिजेत. नाही सापडली तर शाबासकी नाही, नोटीस. कारण तेवढी पोरं दुसऱ्या कारणांनी लुळी पडतातच, सापडली नाहीत म्हणजे तुम्ही शोधत नाही. देशातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ ला हावड्याला सापडली, २७ मार्च २०१४ ला आपल्याला प्रमाणपत्र मिळालं, मधली तीन वर्षं आम्ही लुळी पोरं शोधतच होतो. डेंग्यूला असा नियम कोणी लावला, की इतक्या तापाच्या सॅम्पलमागे इतकी एलायझाला गेलीच पाहिजेत, तर डॉक्टरसाहेबांच्या भोकाला बूच बसेल.

तिरकस_तात्या:

मासे आहेत म्हणालात?? एसटीत तुमच्या शेजारी कोण बसलं होतं त्याला जाऊन आधी सांगा.

(बरं, थोडं पटलं. थोडंच.)

आप्पा_खालची_आळी:

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. प्लेटवाली ताई, तुम्ही विचारलं तेव्हा नववा दिवस होता. दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन उपजिल्हा रुग्णालयात गेलो, एक सुई जास्त टोचली म्हणून दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. चार दिवसांनी आयजीएम पॉझिटिव्ह आला, म्हणजे प्लेट भरायची वाट बघितली असणार, आता कळतंय. बाकी तिघांनाही म्हटलं चला, दोघे आले, त्यांचं सॅम्पल घ्यायला फार उशीर झालेला नव्हता, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. समोरच्या काकू आल्याच नाहीत, म्हणाल्या बरी झाले आता, रक्त कशाला देऊ. म्हणजे आमच्या आळीतल्या चारातले दोन सरकारी यादीत चढले आणि काकू आपल्या संशयितच राहिल्या.

आणि काका, तुम्ही म्हणालात तसा माणूस दारात आला. रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन आशाताई आणि एक आरोग्य सेवक, टॉर्च घेऊन. मी त्यांना आधी समोरच्या भंगारवाल्याकडचे टायर दाखवले, कोपऱ्यावरची अर्धवट बांधकामाची टाकी दाखवली, बराच वेळ बोललो. ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता तुमचं घर बघू. फ्रीज पुढे ओढायला लावला. मागे खाली पाण्याचा ट्रे असतो हे मला ह्या वयात कळलं. टॉर्च मारला तर त्यात अळ्यांची वळवळ चालू, पोर वाकून मोजत बसलं, चौदापर्यंत मोजल्या आणि मग त्यांनी ट्रे अंगणात उन्हात उपडा केला. जाताना दारामागे खडूने तारीख आणि काहीतरी आकडा लिहून गेले, बायको पुसायला निघाली होती, मी म्हटलं राहू दे.